आखूड दांड्याची बेस गिटार

गेल्या वर्षी मढच्या धक्क्याला आमची होडी लावताना माझा डावा हात होडी आणि धक्क्याच्या मध्ये सापडला. हाड जुळलं, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकेना. सहा महिने व्यायाम केले. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता एवढंच.

मी एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवते. तेव्हा ‘वाजवायचे’ असं म्हणायला लागले होते. बेसचा दांडा लांब, तारा जाड. दोन बोटांत तो आवरत नाही. म्हणून गिटार विकायला जोगेश्वरीला काशीराम परबांकडे गेले. काका पूर्वी फर्निचर करायचे, गेली तीस वर्षं हाताने गिटारी घडवतात.

त्यांनी माझी गिटार पिशवीतून काढलीसुद्धा नाही. का विकतेस, एवढंच विचारलं. मी हात दाखवला. त्यांनी टेबलावरचा भुसा झटकला आणि कागद पसरला.

"हात हंय ठेव."

पेन्सिलीने पंजा गिरवून घेतला. अंगठा कुठवर पोचतो, दोन बोटं किती फाकतात, सगळं मोजलं. दांडा आखूड आणि बारीक करू म्हणाले. आवाज पातळ येईल, अशी शंका मी काढली. ती काळजी माझी, म्हणाले.

आधी त्यांनी नुसता दांडाच दिला, तारांशिवाय. टीव्ही बघताना धरून बसायला सांगितलं. मनगट भरून आलं. दुसरा जरा बरा होता. तिसऱ्यावर हात आपसूक बसला. मी लगेच काकांना फोन करून सांगितलं.

"मग आता फणसाचं लाकूड कापायला घेतो," ते म्हणाले.

चार महिन्यांनी गिटार तयार झाली आणि आम्ही अंधेरीला सराव ठेवला. ड्रम वाजवणाऱ्या विपुलने माझ्या जागी कुणालाच घेतलं नव्हतं. काका कोपऱ्यात स्टुलावर बसले. पहिल्या गाण्यात मी दोनदा चुकले, पण आवाज छातीत घुमत होता, पूर्वीसारखाच. तिसऱ्या गाण्यापर्यंत मी हाताकडे बघायचं विसरले होते.

संपल्यावर मी काकांच्या पाया पडायला वाकले. आभाराचे शब्द वाटेत जुळवून ठेवले होते.

"थांब गं, तिसरी तार किंचित खरखरतेय," म्हणत त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि खिशातून पाना काढला.

मी खाली बसले आणि त्यांना नीट दिसावं म्हणून मोबाइलचा टॉर्च धरला.