टाळी ऐकून घरी निघालेली घोडी

मी एक जुना लाकडी ठोकळा आहे. ठोकळा म्हटलं की लोकांना काहीतरी बिनडोक वस्तू आठवते, पण मला तीन पायऱ्या आहेत. घोड्यावर चढताना पाय ठेवायला सुतारानं मला घडवलं, तेही एका नऊ वर्षांच्या मुलीसाठी. तिच्या वडिलांची शर्यतीच्या घोड्यांची पागा होती. मुलगी बुटकी, घोडे उंच आणि हट्ट त्याहून उंच. ती सुताराकडे जाऊन बसली, ती मला घेऊनच उठली.

मित्रांनो, हीच मुलगी पुढे त्या पागेची मालकीण झाली. सगळे तिला ताई म्हणत. कोणत्या घोडीला कोणत्या घोड्यापासून शिंगरू व्हावं, हे तिच्याइतकं कुणालाच कळत नसे. नव्या शिंगराला हात लावण्याआधी ती माझ्यावर बसून तासन्‌तास त्याला नुसती बघायची. "पाय खोटं बोलत नाहीत," म्हणायची. दूरदूरचे पागावाले तिचा शब्द झेलत.

फक्त एका घोडीनं तिचं नाक कापायचं ठरवलं होतं. ताईच्या लाडक्या म्हाताऱ्या घोडीची ती शेवटची लेक, तांबडी, वाऱ्यासारखी पळणारी. पण शर्यतीआधी घोडे लोकांसमोरून फिरवतात ना, तेव्हा टाळ्या पडल्या की ही सरळ मागे वळायची आणि चालू लागायची. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा झालं तर कायमची बंदी, असं मैदानाच्या अधिकाऱ्यांनी बजावलं. ताईच्या थोरल्या भावानं तर गिऱ्हाईकही पाहून ठेवलं.

"अगं, गाडीला जुंपतील तिला. उपाशी थोडंच मारणार आहेत?"

"दादा, तुला जुंपलं तर चालेल?" ताई म्हणाली.

त्याच आठवड्यात एक नाटकमंडळी दारात आली. त्यांची तालमीची खोली गेली होती. ताईनं त्यांना गवताची रिकामी कोठी आठ दिवसांसाठी दिली. गलक्याची सवय झाली तर घोडी सुधारेल, असाही हिशेब मनात होता.

"पागेत नाटकं?" दादा म्हणाला. "घोडी करते तेवढी पुरे नव्हती का?"

मला कोठीत नेलं. माझ्यावर कधी राजा बसे, कधी चोर, आणि बहुतेक वेळा प्रॉम्प्टरमावशी. नट वाक्य विसरला की आडून पुरवायचं हे त्यांचं काम, त्यामुळे सगळ्यांवर डोळा ठेवायची जन्माची खोड. पहिल्याच दिवशी प्रवेश संपला, मंडळींनी टाळ्या वाजवल्या. अंगणातली तांबडी वळली आणि आपल्या ठाणावर जाऊन उभी राहिली.

"बघितलंत? घाबरली," ताई म्हणाली.

"ही? घाबरलेले नट मी रोज बघते हो. पाय लटपटतात, घाम फुटतो. ही तर जेवायला हाक मारल्यासारखी गेली."

दिवस कलला होता. मोतद्दारकाका घोड्यांची निगा राखत. त्यांनी नेहमीसारख्या दोन टाळ्या वाजवल्या. अंगणातली उरलेली जनावरं गुमान आत शिरली.

मावशी ताडकन उठल्या. "काका, हे रोज करता?"

"तीस वर्षं झाली. टाळी म्हणजे चला घरी."

ताई मटकन माझ्यावर बसली. "अरे देवा! बाकीची फक्त काकांच्याच टाळीला जागतात. ही एकटी आज्ञाधारक. एवढी माणसं तिला घरी जा म्हणत होती, आणि ती ऐकत होती. मी पाय बघत बसले, कानांकडे लक्षच दिलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून काकांनी टाळीऐवजी शिट्टी सुरू केली. पण पुढचे दोन दात नसल्यामुळे नुसती हवाच जायची. शेवटी मंडळींनी नाटकातली घंटा दिली. दीड महिना दर प्रवेशाला टाळ्या वाजल्या की काका गाजर दाखवून तांबडीला पुढे चालवत. आठ दिवसांचे पाहुणे कधीच घरचे झाले होते.

शर्यतीच्या दिवशी मी कोठीतच होतो. संध्याकाळी काका ओरडतच आले, "वळली नाही! अजिबात वळली नाही!"

"पहिली आली?" मावशींनी विचारलं.

"चौथी. पण तोंड पुढे करून!"

दादा स्वतःच गिऱ्हाइकाला नकार देऊन आला, आणि पुढच्या नाटकाला पहिल्या रांगेत बसला. नंतर तांबडीनं शर्यती जिंकल्या. तिच्या लेकी-नाती आज कितीतरी पागांमध्ये आहेत. ताईनं कोठी कायमची कलावंतांना दिली. गाणारे आले, चित्रं काढणारे आले. ज्यांना कुणी दार उघडत नसे, ते तिथे उभे राहायला शिकले.

आता ताई नाही. मधली काही वर्षं मी पावसात भिजत पडून होतो, पण यंदा मला पुन्हा कोठीत आणलंय. मित्रांनो, कुणी उलट्या पावली फिरलं, तर त्याला हट्टी म्हणायची घाई करू नका. आपणच त्याला काय शिकवलंय, ते आधी आठवा. आणि हो, माझी खालची पायरी जरा हलते आहे. कोठीत तालीम बघायला आलात, तर येताना एक खिळा घेऊन या.