दक्षिण दरवाजा

फांग रुईने उत्खननाच्या चराची बाजू खुरप्याने पुन्हा एकदा तासून घेतली. खरं तर ती सकाळीच आरशासारखी झाली होती. पण आज लू सर येणार होते, आणि त्यांची फजिती तिला लख्ख उजेडात हवी होती.

चीनच्या होनान प्रांतातल्या या प्राचीन नगरीचा तट मातीचा, वीतभर जाडीचे थर ठोकून ठोकून उभारलेला. त्यातली एक फट म्हणजे नगरीचा दक्षिण दरवाजा, असं लू सरांनी तरुणपणी जाहीर केलं आणि त्यावर जन्मभर मिरवले. जिल्ह्यानेही शेजारी सिमेंटचं महाद्वार उभं केलं, लाल कंदिलांसकट. विद्यार्थिनी असताना फांगने शंका काढली, तेव्हा सर भर वर्गात म्हणाले होते, "लग्न कर आणि घरी बस." सगळे हसले होते. तो हशा ती अजून विसरली नव्हती.

आता सगळं उघडं पडलं होतं. फटीच्या दोन्ही अंगांचे थर तंतोतंत जुळत होते आणि कडांवर लोखंडी फावड्याचे वळ होते. तट बांधला गेला त्या काळी लोखंडाचं फावडं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणजे पहिल्या उत्खननात सरांच्याच तुकडीला तट ओळखता आला नाही, त्यांनी तो खणून फेकला आणि आपल्याच खड्ड्याला दरवाजा म्हणून मोकळे झाले. एवढा मोठा विद्वान! अहवाल धाडण्याआधी फांगला त्यांच्या तोंडून एकच शब्द ऐकायचा होता: चुकलो.

लेकीचा हात धरून सर गाडीतून उतरले. खूप वाळले होते.

"फांगताई, बाबांना हल्ली काही आठवत नाही हो," लेक हळूच म्हणाली. "माणसंसुद्धा ओळखत नाहीत. माती तेवढी ओळखतात."

'सोयीचा विसर,' फांग मनात म्हणाली आणि त्यांना चरात घेऊन गेली.

सरांनी एका बाजूच्या थरांवरून अंगठा फिरवला. मग समोरच्या बाजूवरून. त्यांचा चेहरा लाल झाला.

"कुणी खणलं हे?"

फांगने कडेवरच्या फावड्याच्या वळांवर बोट ठेवलं.

"कोण गाढव तो? अरे, तट आहे हा! आंधळ्याच्यासुद्धा हाताला लागतील हे थर. आणि हा मूर्ख आरपार फोडून गेला!" त्यांचा आवाज फाटला. "आता कुठून आणायचा परत? नाव सांग त्याचं. मला नाव हवंय!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी फांगची बाही घट्ट धरली होती. लेकीने मान फिरवली. नाव फांगच्या अगदी ओठांवर होतं.

"मी, सर," ती म्हणाली. "माझ्या हातून झालं."

सरांनी बाही सोडली. तिला आपादमस्तक न्याहाळलं, आणि ओठ मुडपला.

"वाटलंच मला," ते म्हणाले आणि लेकीकडे वळले. "चल गं. असल्या लोकांशी काय बोलायचं?"