कोयोल फोडायचा दगड

माझी धाकटी मुलगी निकोलासा लग्न होऊन डोंगरापलीकडे गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. एप्रिलात ओढ्याकाठी तीनशे माणसं जमली होती. मध्ये मेणबत्त्या, मेणबत्त्यांच्या मधोमध गुडघाभर उंचीचा उभा दगड. दगडावर गिधाड: वाकडी चोच, खोल गोल डोळा, पंखाच्या सात पांढऱ्या रेघा.

आबेलार्दो नावाचा गृहस्थ शहरातून आला होता. स्वतःला प्रोफेसर म्हणवायचा. दहा हजार वर्षांपूर्वी पूर्वजांनी हे गिधाड कोरलं, त्याच्या डोळ्यात साठलेलं पाणी सडलेलं मांस खाऊन टाकतं, असं तो सांगे. गिधाड काय खातं हे गावाला ठाऊकच होतं. लगेच पटलं.

माझा भाऊ लेओन्सिओ याला जास्तच पटलं. मक्याचं रान साफ करताना त्याच्या पायावर कोयता बसला होता, जखम चिघळली होती. दवाखाना खेचरावरून पाच तासांवर. मी खेचर त्याच्या दारात बांधून ठेवलं. तो रोज त्याला वळसा घालून लंगडत दगडाकडे जायचा.

चौथ्या दिवशी मीही गेले. दगड पाहिला आणि ओळखला. पुरात आमच्या अंगणातून वाहून गेलेला होता तो.

मी तो आडवा पाडला. आडवा होताच गिधाड गेलं, उरला आईचा दगड. डोळ्याच्या खळग्यात कोयोल ताडाचं फळ ठेवलं, गोट्याने फोडलं. आई रोज डुकरांसाठी तसंच फोडायची. मग ओला कोयता पंखावर घासला. पातं रेघेत बरोबर बसलं, कारण आमच्या घरचे कोयते त्याच रेघांवर परजले जात. पाण्याबरोबर रेघांत भरलेला प्रोफेसरचा खडू ओघळला.

"आणि चोच?" त्याने हसत विचारलं.

"ती माझी. नऊ वर्षांची असताना दगड ढकलला, कोपरा उडाला. आईने थोबाडीत दिली. लेओन्सिओ, तू हसत होतास. आठवतं?"



"बाई, म्हणजे तुमच्या आईचा हात पूर्वजांनीच चालवला," प्रोफेसर म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या आणि दगड पुन्हा उभा केला. मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला.

घरी येताना लेओन्सिओ म्हणाला, "ताई, तुझं खरं असेल. पण पाय दुखायचा थांबलाय."

"अरे, दुखत नाही कारण तो मेलाय."

"म्हातारपणी चार अक्षरं शिकलीस, तेव्हापासून तुला सगळंच कळतं."

खरे कोरीव दगडही असतात. वरच्या खिंडीत आहेत, मी पाहिलेत. कुणीतरी खपून केलेत. म्हणूनच सांगते, दगडात पक्षी दिसला तर आधी दगड फिरवून बघा. मग गावातल्या म्हातारीला विचारा, पूर्वी इथे लोक या दगडाचं काय करायचे. आणि पक्षी खरोखर कोरलेला निघाला, तरी जखम घेऊन दवाखान्यातच जा.

प्रोफेसर पुढच्या आठवड्यात गाव सोडून गेला. माझा भाऊ लेओन्सिओ मे महिन्याच्या नऊ तारखेला दुपारी, दवाखान्याच्या वाटेवर, खेचराच्या पाठीवर मेला. तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता.