मेणाची बोटं

मोटारीची करवत आमच्या किसोच्या डोंगरात आली तेव्हा आम्ही लाकूडतोडे खूश होतो. पाडायला अख्खा दिवस खाणारं झाड ती चहा निवायच्या आत आडवं करायची. पुढं एका हिवाळ्यात आमच्यातल्या कुमाझोची बोटं पांढरी पडू लागली. सकाळच्या गारठ्यात पेरांतलं रक्त मागं सरायचं आणि मेणबत्त्यांसारखी निर्जीव बोटं उरायची. शेकोटीवर धरली की निळी, मग लाल व्हायची, ठणकायची. एकदा त्यानं आमच्यादेखत बोटात सुई खुपसली. चेहरा हललासुद्धा नाही.

"टोकाकडून मरत चाललोय," तो म्हणाला. आम्ही हसलो. आमचीही बोटं त्याच वाटेला लागली होती.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी कामावर निघालो तेव्हा धुक्यात स्वतःचे पाय दिसत नव्हते. ओढ्याच्या घळीवर एकच ओंडका टाकलेला, त्यावर बर्फाचा पापुद्रा. आमच्यातला म्हातारा तोराइची थबकला. त्याला एका डोळ्यानं कमी दिसायचं.

"तोरादा, हात द्या," कुमाझो म्हणाला.

"तुझ्या मेणाच्या हातात? वितळशील लेका."

"या थंडीत? चला."

दोघं धुक्यात शिरले. मी अलीकडं बुटाची दोरी आवळत बसलो होतो. ओंडक्याच्या मध्यावरून कुमाझोचा आवाज आला, "तोरादा, आहात ना?"

"आहे. चल पुढं." म्हाताऱ्याचाच आवाज, तिथूनच आलेला.

मी पलीकडं पोचलो तर कुमाझो एकटाच उभा होता. मूठ घट्ट मिटलेली, आणि तिच्यातून तोराइचीचा रिकामा हातमोजा लोंबत होता.

"तोरादा कुठायत?" मी विचारलं.

"हे काय, धरलंय ना मी त्यांना," असं म्हणत तो वळला, आणि मुठीकडं बघतच राहिला.

तोराइची सापडला तो अलीकडच्या काठाला लागून, ओंडक्याच्या अगदी सुरुवातीखाली. बर्फात उलटा रुतलेला, मान मोडलेली. मऊ बर्फानं पडल्याचा आवाजही होऊ दिला नव्हता. म्हणजे मध्यावर पोचायच्या कितीतरी आधी तो गेला होता.

"उत्तर तूही ऐकलंस ना?" कुमाझोनं विचारलं.

"ऐकलं."



डॉक्टर म्हणाले, करवतीच्या हादऱ्यांनी बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडतात, नसा बधिर होतात. गेलेला स्पर्श परत येईलच असं नाही. कुमाझोनं करवत सोडली. आता तो गावाबाहेर कोळसा पाडतो. हाताचा त्याला भरवसा नाही. भाताचा वाडगा, नातवाचं कपाळ, सगळं आधी गालाला लावून बघतो.

परवा मी त्याच्याकडून निघालो तेव्हा त्यानं माझं मनगट धरून आपल्या गालावर टेकवलं. बराच वेळ डोळे मिटून उभा राहिला. ऊब पटली तेव्हाच सोडलं.