बारीक दोर

वहिनी तिसऱ्यांदा पाण्यात पडली तेव्हा दादाने वळूनही न बघता विचारलं, "अगं, तू आंघोळ घरी करून येत नाहीस का?"

होडीच्या जाळीवर बसलेली बगळी खुदकन हसली. बगळी म्हणजे दादाची धाकटी बहीण. पाय लांब, मान लांब, म्हणून घरात ते नाव पडलेलं. आज ती नुसती बघायला आली आहे, असं दादा म्हणाला होता. वहिनीला ते पटलं नव्हतं. रविवारी मोठी शर्यत होती आणि शर्यतीत होडीवर जागा दोघांनाच.

होडी तशी लहानच. पाण्यावर तरंगणारी दोन अरुंद, पोकळ तरंडी, मध्ये ताणलेली जाळी, वर डोलकाठी. शिडात वारा भरला की एक बाजू पाण्यातून वर उचलायची. मग होडी उलटू नये म्हणून एकाने कमरेच्या पट्ट्याचा हूक डोलकाठीवरून आलेल्या तारेच्या कडीत अडकवायचा आणि काठावर पाय रोवून बाहेर आडवं व्हायचं. दादा सुकाणू धरी, लटके वहिनी. लग्न झाल्यापासून तीच. घरात स्वयंपाकघर सासूबाईंचं, बाहेरची खोली दादाची, कौतुक बगळीचं. तारेच्या टोकाची ती वीतभर जागा तेवढी वहिनीची.

किनाऱ्याला लागल्यावर सासूबाईंनी टॉवेल पुढे केला, तोही दोन बोटांत धरून. "वेलाला भोपळा टांगावा तसं दिसतं हो लांबून."

"आई, दोर घसरतोय." देवाने वहिनीला आवाजच लहान दिला होता. "मी बाहेर गेले की कडी हळूहळू खाली उतरते. मग लाट पाठीला लागते आणि मला ओढून नेते."

"नाचता येईना, अंगण वाकडं," दादा म्हणाला. "वजन कमी कर. दोर आपोआप सुधारेल."

दादाला वजनाचं वेड होतं. होडीवरचा खिळान्‌खिळा तो काट्यावर ठेवून बघायचा. तारेची उंची कमीजास्त करायचा जाड दोर काढून तिथे बारीक दोर काही महिन्यांपूर्वी त्यानेच घातला होता. वहिनीलाही तो काट्यावर उभी करी. आणि आकडा मोठ्याने वाचे, पाहुणे असले तरी.

वहिनीने तोंड पुसलं. टॉवेल खांद्यावर टाकून ती होडीकडे गेली आणि एकेक वस्तू हातात घेऊन बघू लागली. हूक वाकला नव्हता. कडीला चीर नव्हती. कडी हुकातून निसटू नये म्हणून खालून ओढून धरणारा रबरी दोर सैल वाटला, तो तिने आवळून बांधला. मग पट्टा चढवून वाळूवरच लटकून पाहिलं. होडी कलू नये म्हणून दादा आणि बगळी पलीकडच्या बाजूला बसले.

दोर जागचा हलला नाही.

"काय गं? आता घसरत नाही तो?" दादा म्हणाला. "पाण्याला घाबरतो वाटतं."

"हिची जीभ घसरली, दुसरं काय!" सासूबाई म्हणाल्या.

लटकल्या लटकल्या वहिनी त्या दोराकडे बघत राहिली. मग खाली उतरली, बादलीभर खारं पाणी आणलं, दोरावर ओतलं आणि पुन्हा लटकली. क्षणभर काही झालं नाही. मग दोर सरकू लागला. ती खाली खाली येत वाळूवर पाठ टेकून पडली. बगळी हसायला लागली आणि मध्येच थांबली. सगळ्यांनीच पाहिलं होतं.

"ही बघा पकड," वहिनी धापा टाकत म्हणाली. "दोन्हीकडून दात येऊन दोर धरतात. ते जाड दोराच्या मापाचे आहेत. बारीक दोर कोरडा असला तर कसाबसा धरतात, ओला झाला की सोडतात."

दादा होडीवरून उतरला. पेटीतून जुना जाड दोर काढून त्याने ओवला, स्वतः पाणी ओतलं. वहिनी लटकली. झोके घेतले तरी दोर तसूभर हलला नाही.

"मग इतके दिवस तू पडली कशी नाहीस?" बगळीने विचारलं.

सकाळपासून तिला कोणी खरोखर काही विचारलं ते हेच. वहिनी खुलली. "पकडीच्या वर ही मूठ आहे ना, ती धरायची आणि सगळा भार हातावर घ्यायचा. मग पकडीवर ताण येत नाही. आज वारा फार, म्हणून हात दमला." तिने तळवा पुढे केला. बोटांखाली पिवळे घट्टे होते. "दुसऱ्या कोणाला जमलं नसतं."

"आता जमेल," दादा म्हणाला.

"काय?"

"दोर धरतोय. म्हणजे मूठ धरायला नको. बगळी हलकी आहे, उंच आहे. तू मूठ धरूनच लटकायचीस, ते तिच्या हाताला झेपणार नाही म्हणून मी अडलो होतो." झिजलेला भाग बदलावा तितक्या शांतपणे तो बोलत होता. "बरं झालं, तू शोधलंस."

"अहो, पण चूक दोराची होती. माझी नव्हती."

"मी कुठे तुझी म्हणतोय?"

वहिनीने कडीतून हूक सोडवला.

"रागावू नकोस हं वहिनी," बगळी म्हणाली. तिचा हात पट्ट्यासाठी पुढे आलाच होता. "हूक कसा लावायचा तेवढं दाखव. भीती वाटते गं मला."

"चांगला आवळून दे," सासूबाई म्हणाल्या. "हिच्या मापाचा आहे तो."

वहिनीने पट्टा सोडला. ओला पट्टा बगळीच्या कमरेला बांधला, बंद आवळले, कडी हुकात घालून दिली. "आधी बसून भार टाक, मग पाय काढ. पुढचा पाय सरळ ठेव. घाई करू नकोस." रबरी दोर तिने पुन्हा एकदा ओढून बघितला. मग छातीभर पाण्यात जाऊन होडी ढकलून दिली.

वाऱ्याने शीड भरलं. बगळी आधी भीतभीत बसली, मग पाय ताणून लांब आडवी झाली, दोन्ही हात मोकळे. कडी होती तिथेच राहिली.

"शाब्बास!" दादा ओरडला.

पाण्यात उभ्या वहिनीने चटकन मान वर केली. तो बगळीकडे बघत होता.