मफलरचे नऊ छाप

सकाळची ड्यूटी संपवून मी दुपारी तीनला घरी आले तेव्हा पायांत गोळे आले होते आणि डोक्यात एकच इच्छा होती, की निदान पाच मिनिटं माझ्याशी कुणी बोलू नये. वॉर्डात दिवसभर ‘सिस्टर, सिस्टर’ ऐकून कान किटतात. दोन नर्सेस रजेवर, एक नुसतीच गायब, आणि तीस खाटांना मी एकटी. दार उघडलं तर बाबा टेबलाशी बसून पॅड बांधत होते.

बाबांचे पॅड ही आमच्या घरातली जुनी कटकट. चाळीस वर्षं छापखान्यात काढली, त्यातली शेवटची बारा फोरमन म्हणून. रिटायर झाले तरी वाया गेलेला कागद दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. पोलादी पट्टी, धारदार सुरी आणि डिंकाची बाटली. एका बाजूने कोरा असलेला कागद तळहाताएवढा कापायचा, गठ्ठा ठोकून सारखा करायचा, वरच्या कडेला डिंक लावायचा आणि वर वजनाला इस्त्री ठेवायची. फोनपाशी पॅड, ओट्यावर पॅड, न्हाणीघराच्या खिडकीतसुद्धा पॅड. तिथे बसून काय लिहायचं असतं देव जाणे.

मी पाणी प्यायले आणि आणायच्या औषधांची नावं विसरायच्या आत लिहून ठेवावीत म्हणून समोरचा एक पॅड ओढला. कागद हाताला जाड लागला, जाड आणि मऊ. मी पहिलं पान उलटून बघितलं. मागे लोकरीच्या विणीचा छाप होता, काळ्या शाईतला, मीच काढलेला.



आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल बाईने चार कागदांसाठी एवढा जीव का टाकला. मी छाप काढते. कुणासाठी नाही, स्वतःसाठी. दहा वर्षांपूर्वी सुट्टीच्या दिवशीच्या एका वर्गात शिकले आणि खूळ लागलं ते लागलंच. सुरुवात बँडेजच्या पट्टीने केली, मग सुतळी, मग गोणपाट, मग फाटलेल्या स्वेटरच्या बाह्या. पुठ्ठ्यावर चिकटवायचं, वर व्हार्निशचे दोन हात द्यायचे, वाळलं की रोलरने शाई लावायची आणि ओलसर कागद ठेवून दाबातून काढायचं. आमची मेट्रन म्हणते, कॅलेंडरं तरी काढा, लोकांच्या भिंतीला लागतील. मी हसून सोडून देते. वॉर्डात माझं सगळंच लोकांना लागतं, एवढं एक नको.

दाब देणारं यंत्रही वॉर्डाच्याच कृपेचं. लाँड्रीतून भंगारात निघालेलं, चादरी पिळायचं, दोन रुळांचं आणि हाताने फिरवायचं. बाबांनी त्याचा गंज काढला, तेल घातलं, रुळांखाली कागदाच्या पट्ट्या सारून दाब असा बसवला की काय बिशाद एक कोपरा फिका येईल. दांडाही तेच फिरवतात. मला म्हणतात, तू घाईने फिरवतेस.

आणि पॅडच्या मागे दिसली ती वीण आईच्या मफलरची. आई जाऊन दीड वर्ष झालं. शेवटच्या आजारपणात तिने तो सुयांवर घेतला होता, माझ्यासाठी, रात्रपाळीला जाताना कानाला वारा लागतो म्हणून. हातभर विणून झाला आणि तिच्या हातातलं बळ गेलं. तो तसाच कपाटात पडून होता. घालता येत नव्हता, टाकवत नव्हता. शेवटी या वर्षी मी तो पुठ्ठ्यावर चिकटवला. बाबांना मात्र म्हणाले, जुन्या बाजारातला तुकडा आहे. खोटं बोलले, कारण आईच्या हातचं शाईत बुडवलं म्हटल्यावर ते दोन दिवस जेवले नसते.

एका सुट्टीला एक, असे नऊ छाप निघाले. दर दाबाला लोकर थोडी चपटी होते. पहिल्यात एकेक टाका मोजून घ्या असा स्वच्छ. चौथ्यापासून कडा बुजायला लागल्या, सातव्यात ओळी एकमेकींत शिरल्या, आणि नवव्यात नुसता करडा डाग, त्यात कुठेतरी वीण असल्याचा भास. दहावा निघालाच नाही. पुठ्ठा मधोमध चिरला आणि मी तो फेकून दिला. पण मला हवं होतं ते मिळालं होतं. नऊच्या नऊ पॅसेजमध्ये एका ओळीत लावायचे होते. खिळेसुद्धा ठोकून ठेवले होते.

आणि त्यातले आठ आता कापले जाऊन बाबांच्या पॅडांत गेले होते.

“बाबा, हे काय केलंत?”

“पॅड,” ते म्हणाले. मान वर केली नाही.

“कपाटावरचे कागद का काढले?”

“रद्दी होती. पहिला छाप उत्तम आहे, तो ठेवलाय बाजूला. बाकीचे त्याच्याशी जुळत नाहीत. दुसऱ्यात एक टाका बुजला, तिसऱ्यात शाई भरली, पुढे तर आनंदच. छापखान्यात असा एक कागद बाहेर गेला असता तर मालकाने मला उभा सोलला असता.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. एरवी मी ओरडले असते. पण थकलेल्या माणसाला ओरडायलाही ताकद लागते, आणि ती मी वॉर्डातच संपवून आले होते. मी खुर्चीत बसले आणि चपला काढल्या.

“ते जुळायचे नव्हतेच,” मी म्हटलं. “बिघडत जाणं हेच त्यांच्यात होतं. एकदा विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.”

“मग?”

त्यांनी डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. मला वाटलं, आता लपवून काय फायदा. व्हायचं ते होऊन गेलं होतं.

“बाबा, तो बाजारातला तुकडा नव्हता. तो आईचा होता.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर सुयांवर होता तो. मला ओळखू येणार नाही?”

 नऊ सुट्ट्या या माणसाने दांडा फिरवला. हळू, सारख्या वेगाने, एकदाही मध्ये न थांबता. दरवेळी कागद उचलला की नाकाजवळ धरून बघायचे, ‘हं’ म्हणायचे आणि हात धुवायला जायचे. तोंडातून ब्र काढला नाही.

“मग आधीच का नाही बोललात? मी केलंच नसतं.”

“तुला करायचं होतं ना. म्हटलं करू दे. पहिला निघाला तेव्हा बरं वाटलं मला, अगदी तशीच्या तशी वीण. वाटलं, झालं, आता हा लावशील. तर तू म्हणालीस, पुढच्या सुट्टीला दुसरा.” त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “आणि काल तू ते खिळे ठोकलेस. एका ओळीत नऊ. न्हाणीघरात जाता-येता रोज बघायचं मी, तुझ्या आईला थोडं थोडं जाताना? मी पाहिलंय ते एकदा, सगळं, रोजच्या रोज. मला नाही जमणार परत. राग आला तर येऊ दे.”

राग आला होताच, पण आता तो कुठे ठेवावा कळेना. ते खरं बोलत होते. आई आजारी असताना जो तो म्हणायचा, घरातच नर्स आहे, तुम्हाला कसली काळजी. आणि घरातली नर्स डबल ड्यूट्या करत होती, दुसऱ्यांच्या आयांची तोंडं पुसत होती. मी निघायचे तेव्हा आई झोपलेली आणि यायचे तेव्हाही झोपलेली. औषधांच्या वेळा मी पॅडवर लिहून जायचे, बाबा खुणा करायचे. एके दिवशी मला वॉर्डात फोन आला. मधलं काहीच मला माहीत नाही. आई सुयांवर टाके घालत होती आणि मग ती नव्हती, एवढंच माझ्याजवळ आहे.

हे मी कधी कुणाला बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

“बाबा, तुम्ही पाहिलंत. मी नाही पाहिलं. म्हणून मला नऊ हवे होते.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. टेबलावरचे कागदाचे कण बोटाने गोळा करत राहिले. बाहेर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं, ती होत नव्हती.

“चिकटवून देऊ का परत?” शेवटी ते म्हणाले. “सांधा दिसणार नाही असं करतो.”

“दिसेल. राहू द्या.”

“मग काय करू?”

“सांगा मला,” मी म्हटलं. “मी नव्हते तेव्हाचं सांगा.”

त्यांनी इस्त्री उचलून खाली ठेवली. वरचा पॅड घेतला, डिंक अजून ओला होता, पानं सहज सुटली. एक पान त्यांनी खिडकीकडे धरलं, तिरकं केलं, शाईवरून अंगठा फिरवला. कापलेल्या तुकड्यावरून तो कितव्या छापाचा हे मला ओळखता आलं नसतं.

“हा तिसरा,” ते म्हणाले. “तेव्हा ती चमचा स्वतः धरायची. सांडायची, पण धरायची.”

ते पान त्यांनी माझ्यासमोर ठेवलं आणि दुसरं उचललं. त्याच्याकडे जास्त वेळ बघत राहिले.

“हा पाचवा. इथून मी भरवायला लागलो. तुला सांगू नका म्हणाली होती.”