चार बोटांची उंची

मी पाट. जेवायला, पूजेला, हळदीला बसायला घेतात ना, तोच. जमिनीपासून माझी उंची मोजून चार बोटं. जन्मलो तेव्हा तेवढीच होती, आजही तेवढीच आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या आयुष्यात जे बरं-वाईट झालं, ते या चार बोटांवरूनच झालं.

मी मीरा रोडच्या शांती नगरमध्ये जन्मलो. गुणवंत आणि मनोरमा हे नवरा-बायको मुंबईतली दहा बाय बाराची खोली विकून तिथं तिसऱ्या मजल्यावर राहायला आले होते. बिल्डरनं लावलेल्या दाराच्या चौकटीला वर्षभरातच वाळवी लागली. मग गावाकडचे लवू सुतार आले आणि त्यांनी चांगल्या सागाची नवी चौकट बसवली. काम संपल्यावर एक रुंद तुकडा उरला. लवूंनी तो हातानं थोपटला आणि म्हणाले, "वयनी, येवढो साग फुकट कित्याक घालवतास? पाट करून देतंय."

तो तुकडा म्हणजे मी. लवूंनी माझ्या चारही कोपऱ्यांत पितळेची फुलं ठोकली. त्या घराची चौकट माझी मोठी बहीण. ती दारात उभी राहिली आणि मी घरात बसलो.

सुरुवातीला माझ्यावर फक्त गुणवंत बसायचे. फोर्टातल्या कचेरीत ते कारकून होते. दिवसभर साहेबापुढे उभं राहून यायचे आणि रात्री माझ्यावर बसून जेवायचे. मनोरमा समोर फरशीवर बसून वाढायची. ते घराचे मालक आहेत हे त्यांना माझ्यावर बसल्यावरच पटत असावं.

मग डेझी आली.

डेझी उत्तनजवळच्या पाली गावची. बोंबील, मांदेली, करली भरलेली पाटी घेऊन ती दोन बस बदलून यायची आणि जिना चढून दारोदार जायची. पहिल्यांदा आमच्या दारात आली तेव्हा तिला सातवा महिना होता. पाटी उतरवली आणि ती धापा टाकत पायरीवरच बसली. मनोरमानं तिच्याकडे एकदा पाहिलं, आत आली आणि मला उचललं.

"यावर बसा. पायरी गार आहे."

डेझी बसायची सोडून उठून उभी राहिली. "नको गो बाय. माज्या लुगड्याला म्हावऱ्याचा वास हाय. पाट बाटंल तुजा."

"सागाचा आहे. धुतला की झालं. बसा."

समोरच्या दारातून हंसाबेन डोकावल्या. त्यांच्या घरात कांदासुद्धा येत नसे. नाकाला पदर लावून त्या म्हणाल्या, "मनोरमाबेन, ये क्या वास!"

"हंसाबेन, सातवा महीना है उसका."

हंसाबेन आत गेल्या. मला वाटलं, दार आपटणार. पण त्या ताकाचा पेला घेऊन आल्या. पदर नाकालाच होता. "ले, छास पी. टोपली उधर घुमा और मुंह इधर कर."

तिघी इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावरची माणसं खाली वाकून बघायला लागली.

संध्याकाळी गुणवंतांच्या कानावर गेलं. "माझ्या पाटावर कोळीण बसवलीस?"

"पाट तुमचा, दार माझं," मनोरमा म्हणाली. "दारात आलेल्याला मी बसवणारच."

गुणवंत चार दिवस रुसले आणि फरशीवर बसून जेवले. पाचव्या दिवशी डेझीच्या बोंबलांनी त्यांचा रुसवा काढला. पुढे तर रविवारी जिन्यात "म्हावरंऽऽ" अशी हाक आली की गुणवंत स्वतः मला उचलून दारात ठेवायचे आणि वर विचारायचे, "पापलेट आहे का, की आजही फक्त गप्पाच?"

ती माझी सगळ्यांत सुखाची वर्षं. दारात अशी बैठक जमायची: डेझी माझ्यावर, मनोरमा उंबऱ्यावर, हंसाबेन आपल्या दारात चटईवर. मनोरमाचा मुलगा अभिनव तेव्हा तीन वर्षांचा होता. तो डेझीच्या मांडीत घुसायचा. मनोरमा दोन तुकड्या तळून आणायची आणि डेझी बोटांनी एकेक काटा काढून त्याला भरवायची. "काटा आयशीला, मासा तुला." हे ऐकल्याशिवाय तो तोंड उघडत नसे.

पुढे शाळेला सुट्टी असली की डेझीची मुलगी कॅरेनही आईबरोबर यायची. एका मे महिन्यात तिनं आणि अभिनवनं मिळून खिळ्यानं माझं एक पितळी फूल उचकटलं. दोघांनी मार खाल्ला. तिथं अजून खळगा आहे. गप्पा मारताना डेझीचा अंगठा त्या खळग्यात फिरत राहायचा. तिला ते कळतही नसे.

वर्षं गेली. हंसाबेन मुलाकडे राहायला गेल्या. गुणवंत वारले. अभिनवला चांगली नोकरी लागली, त्याचं लग्न झालं आणि पाच वर्षांपूर्वी आम्ही बेव्हर्ली पार्कमधल्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायला आलो. चौकट मागे राहिली. तिचा निरोप घ्यायला मला कुणी वेळ दिला नाही.

टॉवरला दोन लिफ्ट. एक राहणाऱ्यांची. दुसरी कामवाल्या बायकांची, सामानाची आणि कुत्र्यांची. फाटकावर पाटी लावलेली: फेरीवाले व मासळीवाले यांना प्रवेश नाही. टॉवरात मासे खाणारी घरं पुष्कळ होती. मासे वर जात होतेच. ते विकणारी माणसं तेवढी जात नव्हती.

अभिनवची बायको स्वप्नाली वाईट नाही. तिनं मला टाकलं नाही, ड्राय बाल्कनीत ठेवलं. माझ्यावर साबणाच्या पावडरचा डबा आला. घरकामाला येणारी मंदा दुपारी तो डबा बाजूला सारायची, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेला आपला वेगळा कप घ्यायची आणि माझ्यावर बसून चहा प्यायची. पण पूर्ण बसायची नाही, अगदी कडेला टेकायची. आतून चपलांचा आवाज आला की उठून उभी. मग मला पुसायची आणि डबा पुन्हा जागेवर ठेवायची. तिच्या पायांचा ठणका मला कळायचा. तीन मजले चढून आलेल्या डेझीचे पाय असेच ठणकायचे.

नव्या घरात येऊन सहा महिने झाले असतील. स्वयंपाकघरातला इंटरकॉम वाजला. वॉचमन म्हणाला, "मॅडम, एक मच्छीवाली आयी है, डेझी नाम बोलती है. ऊपर भेजना मना है."

मनोरमाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. तरी ती म्हणाली, "उसको बोलो, मैं आती हूँ."

"आई, कशाला त्रास घेताय?" स्वप्नाली म्हणाली. "मी ॲपवरून मागवते ना. साफ करून देतात, वासही नाही."

मनोरमा काठी हातात घेऊन तशीच बसून राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. इंटरकॉम पुन्हा वाजला. "मॅडम, वो चली गयी."

मनोरमा बाल्कनीत आली आणि खाली बघत राहिली. चौदाव्या मजल्यावरून माणूस मुंगीएवढा दिसतो. त्यातली डेझी कोणती, हे तिला कळलं नसणार.

त्यानंतर डेझी आली नाही. एकदम गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी, बेल वाजली आणि मला तिचा आवाज ऐकू आला. लाकडाला कान नसतात म्हणे. मला त्या दिवशी कानच कान फुटले.

डेझी कॅरेनच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आली होती. कॅरेन आता मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर आहे. ती बरोबर होती म्हणून वॉचमननं दोघींना वर सोडलं. मनोरमा आतल्या खोलीत झोपली होती.

"या ना," स्वप्नाली म्हणाली आणि तिनं सोफ्याचं पांढरं कव्हर उगाचच नीट केलं. डेझी थबकली. बसावं की नाही, तिला कळेना.

तेवढ्यात अभिनव ओरडला, "मावशी, थांबा! तुमची जागा आहे माझ्याकडे!"

तो धावत बाल्कनीत आला. साबणाचा डबा खाली ठेवला, मला आपल्याच टी-शर्टनं पुसलं आणि हॉलच्या मधोमध आणून मांडलं. "बघा, तुमचा पाट! मी टाकू दिला नाही." त्याचे डोळे लहानपणीसारखे चमकत होते. शपथेवर सांगतो, त्याच्या मनात पाप नव्हतं. मलाही आनंदच झाला. इतक्या वर्षांनी डेझी माझ्यावर बसली.

मग अभिनव सोफ्यावर बसला. स्वप्नालीही बसली. आणि माझ्या लक्षात आलं.

डेझीचं तोंड त्यांच्या गुडघ्यांच्या पातळीला होतं. बोलताना तिला मान वर करावी लागत होती. शांती नगरात सगळे जमिनीवर बसायचे म्हणून माझ्यावरचा माणूस चार बोटं वर असायचा. इथं सगळे वर बसले आणि तोच माणूस हातभर खाली गेला. मी तेवढाच होतो.

"आरामात बसलात ना, मावशी?" स्वप्नालीनं विचारलं. सोफा वाचल्याचं समाधान तिला लपवता आलं नाही.

कॅरेन उभीच होती. "मम्मी, ऊठ. कार्ड देऊ आणि निघू."

"बस गो. काय होतंय?"

"समोर सोफा आहे. तुला खाली बसलेली मी नाही बघणार."

"अगं कॅरेन, तसं नाही," अभिनव गडबडला. "हा मावशींचाच पाट आहे. लहानपणी आपण..."

"मग तू बस ना त्याच्यावर. मम्मीला सोफ्यावर बसू दे."

अभिनवचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही. डेझीचा अंगठा माझ्या खळग्यात होता. तो थांबला. तिनं गुडघ्यावर हात टेकला. ती आता उठली असती तर पुन्हा त्या घरात आली नसती, हे मला कळत होतं. पण पाटाला बोलता येत नाही.

मनोरमा काठी टेकत आतल्या खोलीच्या दारात आली. तिनं डेझीकडे पाहिलं, सोफ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काठी भिंतीला लावली, सोफ्याचा हात धरला आणि खाली बसायला लागली.

"आई! डॉक्टरांनी मांडी घालू नका सांगितलंय!" स्वप्नाली ओरडली.

"डॉक्टर खुर्चीत बसून सांगतात," मनोरमा म्हणाली आणि धपकन फरशीवर बसली. "डेझी, त्या दिवशी मी आले नाही गो खाली. चौदा मजले उतरले नाही. आज एवढं तरी उतरू दे."

डेझी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येडी हायस तू. आता तुला उठवंल कोन?"

आणि दोघी हसायला लागल्या. हसता हसता रडल्या. अभिनव सोफ्यावरून घसरून खाली आला. कॅरेनही आईशेजारी टेकली. स्वप्नाली चहाचं बघायला आत गेली. तिला काय वाटलं, मला माहीत नाही.

चहा घेऊन मंदा आली. सगळे खाली, ती एकटी उभी.

"तुजा चाय कुटं?" डेझीनं विचारलं.

"आत आहे, मावशी."

"मंग घिऊन ये न. बस आमच्यात."

मंदानं वळून स्वयंपाकघरातल्या स्वप्नालीकडे पाहिलं. स्वप्नाली बिस्किटं मांडत होती. "भांडी पडलीत," म्हणून मंदा आत गेली. त्या दिवशी बाल्कनीत तिला टेकायला जागा नव्हती, कारण मी हॉलमध्ये होतो. हे फक्त मलाच ठाऊक होतं.

निघताना डेझी म्हणाली, "मनोरमे, पाट देतंस? कॅरेनला रोस लावाला पायजे." मग आत तोंड करून ओरडली, "मंदा, तू पन याचं हां! पालीला, चर्चच्या मागं. कोनालाबी ईचार."

अशा तऱ्हेनं मी पालीला आलो. तुमच्याकडे हळद लावतात, तसं इथं लग्नाआधी नवरीला नारळाचं दूध लावतात. त्याला रोस म्हणतात. मांडवात पन्नास प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, पण कॅरेन माझ्यावर बसली. आणि ती बसल्यावर खुर्च्यांवरची माणसं उठून उभी राहिली. दूध तिच्या केसांवरून ओघळलं आणि माझ्या खळग्यात साचलं.

मनोरमा आली होती. गाडी चर्चपाशी ठेवावी लागली, तिथून अरुंद गल्लीतून डेझीच्या मुलानं, रॉयस्टननं, तिला स्कूटरवर आणलं. अभिनव आणि स्वप्नाली मागून चालत आले. मंदाही आली, हिरवी साडी नेसून, घामाघूम.

"मंदा, तू कशी आलीस?" मनोरमानं विचारलं.

"बसनं, आजी. दोन बदलल्या."

गाडीत मागच्या सीटवर जागा रिकामी होती. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, एवढंच. मनोरमा म्हणाली, "जाताना माझ्याशेजारी बसायचं."

ती बसली. रॉयस्टन त्यांना गाडीपर्यंत सोडून आला आणि त्यानं आईला सांगितलं. सीटच्या अगदी कडेला टेकली होती म्हणे, पिशवी मांडीवर घेऊन.

आता मी डेझीच्या ओट्यावर असतो. माझा एक पाय हलतो. सकाळी डेझी माझ्यावर बसून मांदेली साफ करते, खवले माझ्या अंगावर सुकतात. मी सुखात आहे. तुमच्याकडे एकच मागणं आहे. दारात कुणी दमून आलं तर पाट जरूर द्या, पण आधी आपण कुठं बसलोय ते बघा.

आणि एक राहिलं. मी इथं आल्यापासून चौदाव्या मजल्यावर मंदा दुपारचा चहा कुठं बसून पिते, ते मला कळलेलं नाही. कुणी तिकडे गेलात तर तेवढं बघून सांगा.